घरात कूलर असूनही कुत्र्याला पुन्हा पुन्हा ऊन लागतंय? आधी वेळ तपासा

एप्रिल सरत आला की नागपुरात कुत्री पाळणाऱ्यांच्या घरी एकच तक्रार ऐकू येते. कुत्रा दिवसभर धापा टाकतो, जेवण अर्धं टाकतो, मग एखाद्या दिवशी मागचे पाय लटपटतात आणि तो फरशीवर आडवा होतो. धावपळ करत दवाखाना गाठायचा, सलाईन लावायची, संध्याकाळी तो शेपूट हलवत घरी येतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. घरचे म्हणतात, कूलर चालू होता, भांड्यात पाणी होतं, उन्हात तर सोडलाच नव्हता. मग ऊन लागलं कुठून?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडतं. एकदा उष्माघात झालेल्या जनावराला पुढच्या वेळी तो लवकर होतो, हे खरं. पण तेवढ्यावर बोट ठेवून थांबलं तर खरं कारण तसंच राहतं. माझा अनुभव असा की घरचे तापमान विचारतात, जात विचारतात, औषध विचारतात, पण त्रास नेमका किती वाजता होतो याकडे कुणी बघत नाही. कारण शोधायचा पहिला धागा वेळेतच असतो.

आत्ताच होत असेल तर हे आधी

निदान नंतर. कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, लाळ दाट आणि चिकट झालीय, हिरड्या विटेसारख्या लालभडक किंवा एकदम पांढुरक्या पडल्यात, चालताना तोल जातोय किंवा हाक मारली तरी बघत नाही, तर गाडी काढायच्या आधी त्याला थंड करा. जगभरातले पशुवैद्य आता हेच सांगतात, आधी थंड करा, मग निघा. धंतोली किंवा मानेवाड्याहून भर दुपारी निघून दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ त्याच्या मूत्रपिंडाला आणि मेंदूला महागात पडतो.

सावलीत फरशीवर आणा. अंगावर भरपूर पाणी ओता. पाठीवरून ओतलेलं पाणी दाट केसांवरून नुसतं घसरून जातं, त्यामुळे केस बोटांनी बाजूला करत पोट, काखा, जांघा आणि पंजे नीट भिजवा. सोबत पंखा पूर्ण वेगात हवा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका. काही क्षणांत तो कोमट होतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो.

नागपूरकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटके देणारं येतं. घाईघाईत तोच पाइप कुत्र्यावर सोडू नका, आधी आपल्या हातावर बघा. उन्हाळाभर न्हाणीघरात सकाळीच दोन बादल्या भरून ठेवाव्यात आणि त्या कुणी वापरू नयेत. माठातलं पाणीही चालतं. कोमट पाण्याखेरीज काहीच नसेल तर तेच ओता, पण पंख्यासमोर. इथल्या कोरड्या हवेत ते भराभर उडतं आणि अंग निवतं.

गार पाणी ओतलं तर झटका बसतो, म्हणून फक्त कोमटच वापरा, असं पूर्वी सांगत. तरुण आणि धडधाकट कुत्र्यासाठी आता तसं मानत नाहीत. त्याला गार पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं, डोकं वर धरून. म्हातारा, हृदयाचा आजार असलेला किंवा चपट्या नाकाचा असेल तर टबात बुडवू नका, ओतणं आणि पंखा एवढंच ठेवा. बेशुद्ध असेल तर मान सरळ ठेवा, जीभ बाहेर काढा, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. तोंडात चमच्याने पाणी, ग्लुकोज, काहीही घालायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. शुद्धीत असेल आणि स्वतःहून प्यायला तर थोडं थोडं पिऊ द्या.

थर्मामीटर हवाच. माणसांचा साधा डिजिटल चालतो, त्याच्यावर खूण करून वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की सावध व्हा, १०६ च्या आसपास म्हणजे जिवावरचा प्रसंग. पाणी ओतत असताना दर काही मिनिटांनी मोजत राहा आणि १०३.५ ला आलं की थांबा, अंग पुसून कोरडं करा. त्यापुढेही ओतत राहिलात तर तापमान खाली कोसळतं, तेही धोक्याचं. मग एसी लावलेल्या किंवा काचा उघड्या ठेवलेल्या गाडीतून दवाखाना. निघताना फोन करून सांगा, म्हणजे तिथे तयारी राहते.

आता वेळ बघा

त्रास कधी कधी झाला ते आठवून कॅलेंडरच्या पानावर लिहा. दर वेळी साधारण एकच वेळ येत असेल तर निम्मं काम झालं.

सकाळी फिरून आल्यावर होत असेल तर निघायची वेळ चुकतेय. मेमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेसातला निघून फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सवर तासभर फिरवणं म्हणजे परतीचा सगळा रस्ता उन्हात. साडेसहापर्यंत घरी यायलाच हवं आणि उन्हाळ्यात फिरणं नुसतं शी-शूपुरतं ठेवलं तरी कुत्र्याचं काही बिघडत नाही. चेंडू फेकणं तर पूर्ण बंद. लॅब्रॅडोरला खेळाच्या भरात थांबायचं भान नसतं, ते भान आपण ठेवायचं. वजन वाढलेलं असेल, हात फिरवल्यावर बरगड्या लागत नसतील, तर तेही कारणात धरा. चरबी उष्णता बाहेर पडू देत नाही.

संध्याकाळी होत असेल तर डांबराकडे बघा. सूर्य मावळला म्हणजे रस्ता निवला असं नाही. दिवसभर तापलेला रस्ता रात्री उशिरापर्यंत वाफ सोडतो आणि कुत्र्याचं पोट त्या रस्त्यापासून वीतभर अंतरावर असतं, आपलं डोकं पाच फुटांवर. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर माघारी फिरा. पंजाच्या गाद्या भाजल्या की कुत्रा लंगडतो, सतत चाटतो, आणि घरचे काटा शोधत बसतात.

रात्री नऊ-दहाला होत असेल तर वरच्या मजल्यावर राहता का, हा माझा पहिला प्रश्न असतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओततो. अशा घरात संध्याकाळची खोली दुपारपेक्षा वाईट असू शकते. गच्चीवर चुना मारणं आणि हिरवी जाळी बांधणं याने फरक पडतो. तोवर कुत्र्याची रात्रीची जागा खालच्या मजल्यावर, शहाबादी फरशीवर करा.

प्लॉटवर किंवा अंगणात राखणीला बांधलेल्या कुत्र्याचं गणित वेगळं. मालक सकाळी अकराला कडुलिंबाखाली, गच्च सावलीत बांधून जातो. दुपारी अडीचला ती सावली भिंतीच्या पलीकडे सरकलेली असते, साखळी तेवढीच राहते आणि पाण्याचं भांडं तिच्या झटक्याने केव्हाच उलटं झालेलं असतं. त्या जागेवर स्वतः अडीच वाजता जाऊन उभं राहा. एकदा उभं राहिलात की साखळी कुठे हवी ते वेगळं सांगावं लागणार नाही. पत्र्याच्या शेडखाली तर बांधूच नका, शेड सावली देतो पण वरून भाजतो.

लाईन गेली की होतं, असं असेल तर इन्व्हर्टरवर काय चालतं ते पाहून ठेवा. बहुतेक घरांत पंखा चालतो, कूलर नाही. मग अंग भिजवून पंख्याखाली बसवणं हाच उपाय, आणि घरात कुणी नसताना लाईन जाण्याची शक्यता असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली असू द्या.

गाडीचं मात्र वेळेशी काही नातं नाही. सीताबर्डीच्या बाजारात “पाचच मिनिटांत येतो” म्हणून काचा लावून कुत्रा गाडीत ठेवणं कुठल्याच वेळी चालत नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सिअस चढू शकतं आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

दुपारी, घरात, कूलर चालू असताना

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांना येतो, तो नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ, तोंड आणि श्वासमार्गातला ओलावा उडतो आणि त्यातून रक्त निवतं. म्हणजे हवा ओलावा घ्यायला तयार असली तरच कुत्रा निवतो. आता कूलर काय करतो? तोही पाणी उडवूनच हवा गार करतो आणि तो ओलावा खोलीत सोडतो. खोलीतली हवा बाहेर जात असेल तर सगळं उत्तम. जात नसेल तर तासाभरात खोली दमट होते. हवा त्वचेला गार लागते म्हणून माणसाला बरं वाटतं, कोपऱ्यातल्या कुत्र्याच्या धापा मात्र वाया जाऊ लागतात. तो आणखी जोरात धापतो, त्या मेहनतीने अंग आणखी तापतं.

म्हणून आधी बघा, कूलर खिडकीत बसवलाय की खोलीच्या आत ठेवलाय. आत ठेवलेला कूलर खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तो खिडकीत किंवा दारात असावा, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे. मग समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं. “थंडावा बाहेर जातो” म्हणून लोक ते लावून घेतात, नेमकं तेच नडतं. उघड्या खिडकीजवळ हात धरला तर हवा बाहेर जाताना जाणवली पाहिजे. खोली दमट झालीय का हे कळायला यंत्र लागत नाही. फरशी पायाला चिकट लागते, मीठ पाणी सोडतं, उघडा राहिलेला पापड मऊ पडतो.

कूलरच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला बदला. क्षार धरलेली ताटी पाणी पिते पण हवा जाऊ देत नाही.

आता जून. नवतपा २५ मेच्या आसपास सुरू होतो आणि त्या नऊ दिवसांत सगळे डोळ्यांत तेल घालून जनावरांना जपतात. मृगाचा एखादा शिडकावा झाला, पारा पाच-सात अंशांनी उतरला, की सगळे निर्धास्त होतात. आणि त्याच आठवड्यात कुत्रा कोसळतो. पारा ३८ वर आलेला असतो, पण हवेत बाष्प भरलेलं असतं. अशा दिवशी कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा, खिडक्या उघडा. चपट्या नाकाचा पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग किंवा दाट केसांचा हस्की, सेंट बर्नार्ड असेल तर जूनमध्ये एसीला पर्याय नाही असंच माझं मत. ज्यांच्याकडे दुपारभर एसी चालवण्याची सोय नाही त्यांनी नागपुरात हस्की आणू नये, हेही स्पष्टच सांगतो.

दाट केसांवरून आठवलं. दुहेरी केसाळ कुत्र्याचं उन्हाळ्यात मुंडण करू नका. वरचे केस उन्हापासून आड करतात. रोज विंचरून आतली गळालेली लव काढली आणि पोटाकडचे केस कमी केले तरी पुरतं. पार्लरमध्ये नेत असाल तर गरम हवेच्या ड्रायरला आणि तोंडाला बांधायच्या कापडी मुसक्याला आधीच नकार द्या. तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापाच टाकता येत नाहीत.

वेळ जुळतच नसेल तर

कधी सकाळी, कधी मध्यरात्री, गार खोलीत झोपून उठल्यावरसुद्धा अंग तापलेलं असेल, तर ते ऊन नसून ताप असण्याची शक्यता मोठी. दोन्हींत थर्मामीटर वर जातो, पण घटना वेगळ्या. उष्माघातात बाहेरची उष्णता आत साठते. तापात शरीरच आपलं तापमान वाढवतं. ओळख अशी करा. पहाटे पाच-साडेपाचला, कुत्रा रात्रभर गार जागी झोपलेला असताना मोजा. तेव्हाही १०३.५-१०४ असेल तर दोष कूलरचा नाही.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय गोचीडतापावर घ्यावा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या पट्ट्याखाली गोचिड्या शोधा. न सापडल्या तरी रक्त तपासून घ्या, कारण चावून गेलेली गोचीड तिथे थांबलेली नसते. फिकट हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर बारीक लाल ठिपके, गडद लघवी यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा. अशा कुत्र्याला दर वेळी पाणी ओतून आणि सलाईन लावून आणलं की दोन दिवस बरं वाटतं आणि आजार आत मुरत राहतो.

म्हातारा लॅब्रॅडोर श्वास घेताना घरघरतोय आणि भुंकणं घोगरं झालंय, तर डॉक्टरांना स्वरयंत्र तपासायला सांगा. त्याचा लकवा असेल तर साध्या उकाड्यातही कुत्रा गुदमरतो.

ऊन उतरवायचे घरगुती उपाय

प्रेमापोटी केलेल्या या उपायांनी जनावरं दगावतात, म्हणून कळकळीने सांगतो. ऊन लागलं की आपल्याकडे कांद्याचा रस तळपायाला चोळतात, थोडा पाजतात. कुत्र्यामांजरांना कांदा विषारी आहे, कच्चा असो की शिजवलेला. लसूणही त्याच घरातला. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि त्रास काही दिवसांनी दिसतो म्हणून कुणी कांद्याशी संबंध जोडत नाही. पंजाला चोळलेला रस तो चाटणारच.

मनुका भिजवून त्याचं पाणी मुलांना देतो तसं कुत्र्याला देऊ नका. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्या तर चालतील याचा सुरक्षित आकडा नाही. मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं नको. बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं, पण पाण्याची जागा ते घेत नाही.

आणि पॅरासिटामॉल. उष्माघातात त्याचा काडीचाही उपयोग नाही, मांजराला तर अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

कूलरजवळ झोपणाऱ्यांसाठी

गारव्यासाठी कुत्रा-मांजर कूलरला टेकून झोपतं आणि खाली सांडलेलं पाणी चाटतं. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि सैल झालेली वायर एकत्र आली की शॉक ठरलेला. महावितरण दर उन्हाळ्यात माणसांसाठी कूलरबाबत जे आवाहन करतं ते जनावरांनाही लागू आहे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेलं अर्थिंग, आणि घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पाणी भरताना प्लग काढूनच भरा, आणि त्या वेळी जनावर दुसऱ्या खोलीत. कूलरपाशी कुत्रा ताठ पडलेला दिसला तर धावत जाऊन हात लावू नका. आधी मेन स्विच.

मांजरं उन्हाचा त्रास लपवतात. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर वाट बघू नका, ते कुत्र्यासारखं नेहमीचं नाही. दुपारी दार लावण्याआधी गच्चीवरची खोली, कपाट आणि गाडीखालची जागा बघायची सवय लावा. लव्हबर्डचा पिंजरा बाल्कनीतून आत घ्या. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले तर पक्ष्याला ऊन लागलंय, अंगावर बारीक फवारा मारा आणि लगेच गार जागी हलवा.

बरा दिसतोय म्हणून थांबू नका

कुत्रा उठून बसला, पाणी प्यायला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उष्माघाताचा आतला मार एक ते तीन दिवसांत वर येतो. मूत्रपिंड, यकृत, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यांना धक्का बसलेला असतो. लघवी चहासारखी किंवा अगदी थोडी होणं, काळी किंवा रक्ताची शी, उलट्या, हिरड्यांवर लाल ठिपके, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. रक्ताची तपासणी पहिल्या दिवशी ठीक आली तरी एक-दोन दिवसांनी पुन्हा करायला डॉक्टरांनी सांगितलं तर टाळू नका.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच जवळच्या दवाखान्याची दुपारची आणि रात्रीची वेळ विचारून ठेवा, कारण दुपारी बरेच दवाखाने बंद असतात आणि त्रास नेमका तेव्हाच होतो. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे, तिथलीही वेळ विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.

डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडरचं पान सोबत न्या. त्रास किती वाजता झाला, पहिलं तापमान किती होतं, कूलरचा पंप चालू होता की बंद, समोरची खिडकी उघडी होती का, लाईन होती का, त्या दिवशी काय खाल्लं. एवढं लिहिलेलं असेल तर सलाईन लावता लावता डॉक्टर पुढच्या खेपेचं कारणही सांगू शकतील.